दप्तर दाखव, लेकरू ठेव

धाकटा भाऊ गेला त्याला काही आठवडे झाले. अजून माणसं भेटायला येतात. चहाचा कप खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "तुमचं दुःख वेगळं आहे. तुम्हीच वाढवलं ना त्याला, आईसारखं." जुन्या गल्लीतल्या बाया तर डोळ्याला पदर लावून एकमेकींना सांगतात, "एवढीशी पोट्टी होती वं, तेव्हापासून कडेवर घेऊन फिरे त्याले."

मी ऐकून घेते. घरात माणूस गेलेलं असताना वाद घालू नये असं मला शिकवलेलं आहे, आणि तसाही मोठ्याने बोलायचा माझा स्वभाव नाही. उभा जन्म एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेला, तिथे आवाज खालीच ठेवावा लागतो. पण ही गोष्ट खरी नाही, आणि ती माझ्या कौतुकासाठी सांगितली जाते म्हणून जास्तच टोचते. म्हणून सावकाश का होईना, लिहून ठेवते आहे.

मी त्याला वाढवलं नाही. मी त्याची बहीण होते. आम्ही भांडलो, एकमेकांचा पेपर पळवला, मोठेपणी महिना महिना अबोला धरला. तो मला चिडून 'मास्तरीण' म्हणायचा. वीज खात्यात तो खांबांवर चढायचा आणि मला मात्र स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं पुस्तक काढायची भीती वाटते, यावर तो शेवटपर्यंत हसत राहिला. आई झाले असते तर हे कुठलं मिळालं असतं? नऊ-दहा वर्षांच्या मुलीने कोणाची आई होऊ नये. मी होता होता राहिले. ते माझ्या हुशारीने नाही. आमच्या गल्लीतल्या बायांनी त्यासाठी एकदा सरकारी ठेला, सामानाची हातगाडी, भर उन्हात ताटकळत ठेवला होता.

आमची गल्ली महाल नावाच्या जुन्या पेठेच्या पलीकडे, विणकरांची. गल्ली म्हणजे एका बाजूने बंद असलेली लांब बोळ. घराघरात हातमाग. बाबा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत आणि लुगडी विणत. गांधीबागेतला शेठ सूत देई आणि तयार लुगडी घेऊन जाई. आई दिवसभर चरख्यावर कांड्या भरे. धोट्यात घालायचं सूत तिच्या हातून गुंडाळून आलं नाही तर बाबांचा माग थांबे. म्हणजे आईचे हात मोकळे नसत आणि बाबांचे पायही मोकळे नसत. घरात मोकळी अशी मीच होते.

भाऊ झाला तेव्हा आधी त्याची झोळी चरख्याशेजारी टांगली होती. आई पायाच्या अंगठ्याने दोरी ओढून झोका देई. हे चालून गेलं. पण तो रांगायला लागला आणि सरळ मागाच्या खड्ड्याकडे निघाला. आमच्या गल्लीत अशा पोरांच्या कमरेला जुन्या लुगड्याचा काठ बांधून ते खांबाला अडकवायची रीत होती. काठ मऊ असतो आणि तुटत नाही. आईने दोन दिवस तसं केलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कमरेवर लाल वळ बघून तिने काठ सोडला आणि मला म्हणाली, "आजच्या दिस राहून जा घरी."

तो आजचा दिवस संपलाच नाही. माझं नाव शाळेतून कोणी काढलं नाही, मीही कधी 'शाळा सोडली' म्हटलं नाही. फक्त जाणं बंद झालं. गल्लीत माझ्या वयाच्या बहुतेक मुलींचं तसंच झालेलं होतं. सारखं लेकरू कडेवर घेतल्याने कंबर एका बाजूला निघते. आम्ही सगळ्या तशाच वाकड्या चालत असू आणि ती चाल आम्हाला वाकडी वाटतच नसे. वाचायला काही नव्हतं. सुताच्या गड्ड्यांवर गिरणीच्या छापील चिठ्ठ्या असत. त्यांवर वाघाचं नाहीतर कमळाचं चित्र आणि खाली चार ओळी. त्या मी भावाला वाचून दाखवी. तो चिठ्ठी खाऊन टाकी.

गल्लीच्या बंद टोकाला विणकरांचं एक जुनं गोदाम होतं. तिथे सरकारी बालवाडी उघडली. चुना मारलेल्या भिंती, पत्र्याची पेटी, पाट्या, लाकडी ठोकळे, एक मोठं पातेलं. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गाणी शिकवायची, भुकटीचं दूध आणि उकडलेले चणे द्यायचे, एवढं तिचं काम. चालवायला बाई आल्या त्या महालातल्या एका कारकुनी घरातल्या. मॅट्रिक झालेल्या, तरुणपणीच नवरा गेलेला, सायकलवर येणाऱ्या. बाईमाणसाने सायकल चालवावी याचं गल्लीला इतकं नवल की पहिले काही दिवस बालवाडीपेक्षा सायकल बघायलाच जास्त गर्दी असे.

मी रोज भावाला घेऊन खिडकीशी उभी राहायची. आत बसायला मी मोठी होते आणि तो लहान. एके दिवशी बाई खिडकीशी आल्या.

"तू शाळेत का जात नाहीस?"

"हे आहे ना."

"हे म्हणजे?"

"माहा भाऊ."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने त्यांच्या चष्म्याला हात घातला. "ठेव याला इथे," त्या म्हणाल्या, "पण तसा नाही ठेवून घेणार. आधी जा, दप्तर घेऊन ये. मला दप्तर दाखव, मग लेकरू ठेव. संध्याकाळी शाळा सुटली की घेऊन जा."

मी घरी पळत गेले. आईने कांडी थांबवली. "सरकारी बाई पोट्टं ठेवून घेते? काहून? तिले काय भेटते त्यातून?" तिच्या मनात शंका होतीच, कारण त्या दिवसांत सरकारी माणूस दिसला की लोकांना सुया आणि नसबंदीची ऑपरेशनं आठवत. समोरच्या घरातली बुढी दारात तंबाखू मळत बसली होती. सगळ्या गल्लीची ती सासू. ती तिथूनच ओरडली, "घेऊन जाऊ दे वं! तुया पोट्ट्याले चार दात आले. बाई त्याले काय करन, तोच बाईले चावीन."

आई हसली आणि माझी सुटका झाली.

महिन्याभरात बालवाडीच्या दारात शाळेच्या वेळी मुलींची रांग लागायला लागली. प्रत्येकीच्या एका कडेवर लेकरू, दुसऱ्या खांद्याला पिशवी. बाई दारात उभ्या राहून दर मुलीला विचारत, "दप्तर?" आणि नुसतं बघून सोडत नसत, उघडून बघत. एकीने पिशवीत रिकाम्या कांड्या भरून आणल्या होत्या. लेकरू बालवाडीत टाकून तलावावर खेळायला जायचा तिचा बेत होता. बाईंनी एक कांडी बाहेर काढली, बोटांत फिरवली आणि विचारलं, "ही कितवीच्या पुस्तकात आहे गं?" त्या मुलीला पुढे लग्न होईपर्यंत गल्लीने 'कांडी' म्हणूनच हाक मारली. पण दुसऱ्या दिवशी तिची पाटी आली.

हे सगळं नियमाबाहेर होतं. बालवाडी तीन वर्षांपुढच्यांसाठी. रांगती लेकरं तिथे नकोत. बाईंना ते ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

आता पांजणीचं सांगावं लागेल. विणायच्या आधी लुगड्याच्या लांबीचे सगळे उभे धागे, म्हणजे ताणा, ज्वारीच्या पिठाच्या खळीत भिजवून बाहेर ताणून धरावा लागतो. त्यासाठी घर पुरत नाही, गल्लीच लागते. बांबूच्या कैच्यांवर ताणा चढवला की गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी होई. दोन्ही बाजूंना एक माणूस भिंतीला पाठ घासत सरकेल एवढीच जागा उरे, आणि तिथून बाया हातात मोठे कुंचे घेऊन पुढे-मागे चालत धागे मोकळे करत. हे सकाळच्या गार वेळेतच करायचं. ओल्या ताण्याला पोराचं बोट लागलं तर धागे चिकटतात, म्हणून तोवर पोरं घरात कोंडलेली. आणि कडक ऊन लागायच्या आत ताणा उचलायचा, नाहीतर खळ तापून सूत काडीसारखं होतं आणि मागावर पावलापावलाला तुटतं. ज्याची पांजणी त्याच्या मदतीला अख्खी गल्ली. दुसऱ्याचा ताणा ओलांडायचा नाही, वाकवायचा नाही, अर्ध्यात उचलायला लावायचा नाही. भांडण असलेल्या घरांतही हे पाळलं जाई.

म्हणून आमच्याकडे बालवाडी पांजणी उठल्यावर भरे. सरकारी वेळ मात्र आठची होती.

एका सकाळी आठ वाजता बालवाडीच्या तपासणीसाठी खात्याच्या मॅडम सायकल रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरल्या. सुती साडी, खांद्याला पर्स, चेहरा दमलेला. समोर गल्लीभर ताणा.

"बालवाडीची मुलं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"घरात कोंडली," बुढी म्हणाली.

"कोंडली? का?"

"पांजणी आहे ना. तुम्ही अंगावर घातलं ते कोठून येते बाई? झाडाले लागते का?"

मॅडम भिंतीला घासत आत गेल्या. बालवाडी रिकामी. बाई बाहेर, कोणाच्या तरी ताण्याच्या टोकाची काठी ताणून धरून उभ्या. मॅडम तशाच परत गेल्या. पण थोड्या दिवसांनी त्या पुन्हा आल्या, या वेळी दुपारी. तेव्हा बालवाडी भरलेली होती आणि मोठ्या पोरांच्या पायात सात-आठ लेकरं रांगत होती. त्यांत माझा भाऊ होता. मी शाळेत होते. पुढचं बोलणं मला बाईंनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

"ही तीन वर्षांची आहेत?"

"नाहीत."

"मग इथे कशी?"

"यांच्या बहिणी शाळेत आहेत, मॅडम."

"ते आपलं काम नाही. आपलं काम तीन ते सहा. एक कुठे खड्ड्यात पडलं, कशाने मेलं, तर उत्तर कोण देणार? तुम्ही की मी?"

"घरी तर खड्डाच आहे, मॅडम."

मॅडमचं म्हणणं चुकीचं नव्हतं हे मला आज कळतं. यायच्या वेळी पोरं नाहीत आणि आहेत ती नको ती. असं केंद्र कोण चालू ठेवील? त्यांनी वरती तसं सांगितलं आणि निकाल आला. बालवाडी इथून उठवायची आणि प्रताप नगरकडच्या नव्या वस्तीत न्यायची. तिथे चांगला हॉल मिळत होता आणि मुलं वेळेवर येणार होती. येणारच वेळेवर. त्यांच्या आया घरी होत्या.

सामान न्यायला ठेला उद्या अकराला येईल, असा निरोप आला. अकरालाच, कारण तोवर गल्ली मोकळी होते हे मॅडमना आता समजलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी दप्तर वरच्या खुंटीला टांगलं. एरवी ते खालीच, दाराशी असे. आईने चरखा थांबवला.

"दप्तर काहून टांगलं?"

"बालवाडी उठते ना."

"उठली का?"

"उद्या."

"उद्याचं उद्या पाहू. खाली काढ ते."

मग ती नळावर गेली. पाण्याची रांग म्हणजे बायांची बैठक. परत आली ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीची पांजणी आमची होती.

"उद्या ताणा उचलाचा नाई," ती म्हणाली.

बाबांचे पाय थांबले. "मंग काय करायचं त्याचं? वाळवण घालाचं?"

"ठेलेवाला जाईपर्यंत राहू द्याचा. ठेला गल्लीत शिरलाच नाई पाहिजे."

"डोकं फिरलं का तुयं? शिमगा जवळ आला, ऊन पाह्य. काडी होऊन जाईन सुताची. तुटून तुटून जीव जाईन माहा."

"तुटू द्या. सूत सांधता येते."

"अन् शेठले काय सांगू?"

"सांगा, बायको येडी आहे. आधीच ठाऊक आहे त्याले."

बाबांनी धोटा खाली ठेवला. ते कधी शाळेत गेले नव्हते आणि मी गेले नाही तर त्यांचं काही अडणार नव्हतं. लेकरू सांभाळायला घरात मी असणं त्यांच्या सोयीचंच होतं. त्यांनी धोटा उचलला, धाग्यांतून फेकला आणि ते पुटपुटले, "मी काठी धरणार नाई. तुम्ही बाया पाहून घ्या."

सकाळी काठी त्यांनीच धरली.

नेहमीसारखी पांजणी झाली. ऊन चढलं. उचलायची वेळ आली आणि टळून गेली. बाया कोरड्या ताण्यावरून कुंचे फिरवत राहिल्या, काही होत असल्यासारख्या. अकराच्या सुमाराला मॅडम आल्या. मागून ठेला ढकलत एक मध्यम वयाचा माणूस. मॅडम गल्लीच्या तोंडाशी थांबल्या.

"अजून झालं नाही?"

"नाई ना बाई," बुढी म्हणाली. "आज खळच अशी झाली. वाळतच नाई."

"थोडा वेळ उचलून घ्या. ठेला आत जाईल, सामान भरेल, परत येईल. मग पुन्हा लावा."

आई पुढे आली. ती परक्यांशी कधी बोलत नसे. ती एवढंच म्हणाली, "ओला ताणा उचलत नाईत, मॅडम."

"किती वेळ लागेल?"

"वाळेपर्यंत."

मॅडमनी ताण्याकडे पाहिलं. ऊन मी म्हणत होतं. त्यांनाही शंका आली असावी. त्या ठेलेवाल्याकडे वळल्या. "बघा हो, खरंच ओलं आहे का?"

ठेलेवाला पुढे आला. त्याने हात पुढे केला आणि बोटं उलटी केली. बोटांच्या मागच्या बाजूने, नखांवरच्या कातडीने, त्याने धाग्यांना अलगद स्पर्श केला. आईचा कुंचा जागच्या जागी थांबला. सगळ्याच बाया थांबल्या. तसा हात विणकर लावतो. आतल्या बाजूला घट्टे असतात, त्यांना ओल कळत नाही. म्हणजे हा माणूस कधीकाळी मागावर बसलेला होता. माग बंद पडला असेल, मग ठेला धरला असेल. अशी गत तेव्हा कितीतरी घरांची होत होती. याला फसवता येणार नव्हतं. तो ताणा तासाभरापासून वाळून करकरत होता.

त्याने हात मागे घेतला. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका कडेवर भाऊ होता आणि खांद्याला दप्तर.

"ओला आहे, मॅडम," तो म्हणाला. "आत्ता उचलला तं सत्यानाश होईन."

आणि ठेला भिंतीला टेकवून तो सावलीत बसला. त्याआधी आईशेजारून जाताना खालच्या आवाजात म्हणाला, "पाणी तरी शिंपडा वहिनी. पाहवत नाई मले."

मॅडम एकट्याच भिंतीला पाठ लावून सरकत बालवाडीपर्यंत गेल्या आणि दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. वाट पाहायची असं त्यांनी ठरवलं होतं. आत पेटी, पातेलं, पाट्या बांधून तयार होत्या. बाई दारातच उभ्या होत्या.

शाळेची वेळ झाली. मी ताण्याच्या या टोकाला, गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सगळं बघत होते. एवढी मोठी गोष्ट गल्लीत कधी घडली नव्हती आणि मला ती शेवटपर्यंत बघायची होती.

"काय पाहून राहिली?" आई ओरडली. "शाळेत कोण जाईन, मी?"

"पण आज तं बालवाडी…"

"बालवाडी जाग्यावर आहे. दे त्याले इकडे."

तिने भावाला माझ्या कडेवरून घेतलं आणि शेजारच्या बाईकडे दिलं. तिने पुढच्या बाईकडे. असा तो ताण्याच्या कडेकडेने हातोहात निघाला, मजेत, प्रत्येकीचं नाक नाहीतर कुंकू ओढत. "जा रे राजा, तुले कोण अडवते," बुढी त्याला म्हणाली. शेवटच्या बाईने त्याला दारात बाईंसमोर धरलं.

बाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी मान वर करून लांबून माझ्याकडे पाहिलं आणि रोजच्याच आवाजात विचारलं, "दप्तर?"

मी दप्तर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

खुर्चीतल्या मॅडमनी वळून पाहिलं. आधी बाईंकडे, मग सगळ्या गल्लीवरून, त्या पांढऱ्या ताण्यावरून, माझ्याकडे. तेवढ्यात माझ्या मागून दुसऱ्या एका मुलीने पिशवी वर धरली. मग तिसरीने. बाई प्रत्येकीचं नाव घेऊन विचारत होत्या आणि लेकरं हातोहात जात होती.

मग मी शाळेत गेले. पुढचं काही मी पाहिलं नाही.

नंतर गल्लीत याच्या पुष्कळ कथा झाल्या. बुढीच्या कथेत मॅडम रडल्या. दुसऱ्या कुणाच्या कथेत त्यांनी पदर खोचून कुंचा हातात घेतला. मला हे खरं वाटत नाही. त्या तशा नव्हत्या. बाईंनी सांगितलं ते फार साधं आहे. मॅडम दुपारपर्यंत बसल्या. एकेका लेकराकडे बोट दाखवून 'याची बहीण कितवीत?' असं विचारत राहिल्या. बाई सांगत राहिल्या. शेवटी उठताना त्या म्हणाल्या, "वेळ अकराची करा. वरती मी बोलते." दाराशी पोहोचल्यावर मागे न बघता म्हणाल्या, "आणि या रांगत्यांचं मला काही सांगू नका. मी काही पाहिलेलं नाही." ठेला रिकामाच परत गेला.

हे ऐकून लोक म्हणतात, चांगल्या होत्या हो त्या मॅडम. होत्या. ठेलेवालाही चांगला होता, बाईही. पण मला याचं समाधान वाटत नाही, या वयात तर मुळीच नाही. एका मुलीची शाळा एका परक्या माणसाच्या खोट्यावर आणि एका अधिकाऱ्याच्या डोळेझाकीवर का टिकावी? त्या दिवशी ठेला दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर? रांगतं लेकरू घरात आहे आणि आईबापाचे हात कामात आहेत, ही काही आमच्या गल्लीची खोड नव्हती. त्याची सोय करणं हे सरकारचं कामच होतं. ते न मागता मिळायला हवं होतं, चोरून नाही. आमच्यावर कोणी उपकार केले असं म्हणायला मी तयार नाही. आईने त्याची किंमत सुतात दिली.

आणि 'आईसारखं वाढवलं' म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. ते म्हणतात त्यात प्रेम आहे, मला कळतं. पण त्या कौतुकात एक जुनी सोय लपलेली आहे. मुलीने वाढवलं म्हटलं की दुसऱ्या कुणाला काही करावं लागत नाही. आमच्या गल्लीत अशी वाढवणारी मुलगी घराघरात होती. बालवाडी यायच्या आधीच्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलींना विचारा. सही करताना त्यांना एकेक अक्षर आठवावं लागतं. त्यांचंही कौतुक झालंच होतं.

भाऊ बालवाडीत उभा राहायला शिकला, चालायला शिकला, पहिलं गाणं तिथेच म्हणाला. त्याने टाकलेलं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही. मी तेव्हा भागाकार करत होते. तो गेल्यापासून हे पुन्हा पुन्हा मनात येतं आणि तरीही त्याबद्दल मला खंत वाटत नाही. तो पडला तेव्हा त्याला उचलायला एक बाई होती, जिला त्याचा पगार मिळत होता. असंच असायला हवं.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा गल्ली मोकळी होती आणि ताणा मागावर चढलेला होता. तो विणून संपायला होळी उलटून गेली. सूत खरंच काडी झालं होतं. दर थोड्या वेळाने धागा तुटे, बाबा माग थांबवून वाकत, दोन टोकं शोधत, थुंकी लावून सांधत आणि दर वेळी तोंडाने शिव्यांची एक माळ सोडत: खळीला, उन्हाला, सरकारला, मॅडमला, गल्लीतल्या सगळ्या बायांना आणि शेवटी आईला.

"हळू बोला," आई चरख्यावरून म्हणे. "पोरगी वाचून राहिली."

बाबा माझ्याकडे एकदा रागाने बघत आणि शिवी अर्धीच ठेवून पुन्हा खाली वाकत. भाऊ रांगत येऊन माझ्या पुस्तकाचं पान ओढी. मी त्याला ढकलून देई. तो भोकाड पसरे, आणि मी पान नीट करून पुढची ओळ वाचायला लागे. घरातलं कोणीही मला म्हणत नसे, घे त्याला.